मार्डी ग्राचा स्वयंपाक: गंबो, जंबालाया आणि किंग केक क्रमाने कसे करावेत

मार्डी ग्रासाठी घरी गंबो करून पाहिलेल्या मराठी मित्रमैत्रिणींकडून दरवर्षी मला तेच प्रश्न येतात. रस्सा फिकट आणि पिठूळ का झाला? त्याला तार का सुटली? जंबालायाचा भात खाली करपून वर कच्चा का राहिला? साहित्य बहुतेकांनी नीट आणलेले असते. चुकतो तो क्रम, आणि जिथे थांबायचे त्याच्या बरेच अलीकडे थांबले जाते. म्हणून अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या या तीन पदार्थांचा क्रम येथे टप्प्याटप्प्याने दिला आहे: गंबो हा भाजलेल्या पिठाचा रस्सा, जंबालाया हा मांस घालून शिजवलेला भात आणि किंग केक हा गोड पाव. सर्व प्रमाण बारा माणसांचे आहे, आणि ‘कप’ म्हणजे २४० मिलिलिटरचा मापाचा कप.

मार्डी ग्रा हा कार्निव्हलचा शेवटचा दिवस, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ ज्या बुधवारी सुरू होतो त्या ॲश वेन्सडेच्या आदला मंगळवार असतो. २०२७ मध्ये तो ९ फेब्रुवारीला आहे, आणि गोव्याचा कार्निव्हलही त्याच मंगळवारी संपतो.

## टप्पा १: स्वयंपाक तीन दिवसांत वाटून घ्या

सगळे मंगळवारीच करायला घेतले की घाई होते, आणि त्या घाईचा पहिला बळी पीठ भाजणे हा असतो. त्यामुळे रविवारी स्टॉक, म्हणजे कोंबडी आणि हाडे उकळून गाळलेले पाणी, काढून ठेवावा. सोमवारी गंबो पूर्ण करून थंड करावा आणि त्याच रात्री केकची कणीक फ्रीजमध्ये फुगायला ठेवावी. मंगळवारी सकाळी केक भाजावा, दुपारी जंबालाया लावावा आणि गंबोबरोबरचा पांढरा भात शेवटी करावा. आदल्या दिवशी केलेला गंबो ही तडजोड नाही, कारण रात्रभर मुरल्यावर धुरावलेल्या सॉसेजचा स्वाद रश्श्यात पुरता उतरतो आणि वर गोठलेली चरबी चमच्याने अलगद काढता येते.

## टप्पा २: साहित्य, आणि पर्याय कुठवर चालतो

गंबोसाठी: हाडासह कोंबडीच्या तंगड्या अडीच किलो, आंदुई सॉसेज ७०० ग्रॅम, मैदा १ कप, तेल १ कप, कांदे ४५० ग्रॅम, हिरवी ढोबळी मिरची २२५ ग्रॅम, सेलरी २२५ ग्रॅम, लसणाच्या ६ पाकळ्या, बे लीफ ३, सुका थाइम १ छोटा चमचा, काळी मिरी १ छोटा चमचा, केयेन म्हणजे तिखट लाल मिरचीपूड अर्धा छोटा चमचा, कांद्याची पात आणि पार्सली. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या तिघांना तिकडे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. कांदा दोन भाग आणि बाकीच्या दोन्ही एकेक भाग, हे प्रमाण सांभाळावे.

आंदुई हे लाकडाच्या धुरावर धरलेले, जाडसर भरडलेल्या डुकराच्या मांसाचे लसूणदार सॉसेज आहे. ते मिळाले नाही तर कुठलेही चांगले धुरावलेले पोर्क सॉसेज घ्यावे. गोव्याची चोरीस घालण्याचा मोह अनेकांना होतो. पण तिच्यातला व्हिनेगरचा आंबटपणा सगळ्या रश्श्यात पसरतो आणि तो मागून झाकता येत नाही. चोरीस स्वतःच्या जागी उत्तम आहे, गंबोत मात्र ती नको.

आपले तमालपत्र आणि बे लीफ ही एक पाने नव्हेत. तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात आणि त्याला दालचिनीसारखा वास येतो. बे लीफला मधोमध एकच शीर असते आणि बाजूला बारीक फांद्या फुटलेल्या दिसतात. बे लीफ नसेल तर पान वगळावे, तमालपत्र घालू नये. सेलरीऐवजी ओवा किंवा ओव्याची पाने घालणे हीही चूकच आहे. सेलरी मिळत नसेल तर कांदा वाढवावा.

सावधान: हळद, गरम मसाला, आले आणि शेवटी वरून दिलेली फोडणी यांपैकी काहीही या पदार्थात जात नाही. पाव चमचा गरम मसाल्यानेही भाजलेल्या पिठाचा स्वाद बुजतो, आणि त्या स्वादासाठीच तर पाऊण तास उभे राहायचे असते.

## टप्पा ३: स्टॉक आणि चिराचिरी

मोठ्या पातेल्यात तंगड्या सर्व बाजूंनी तांबूस होईपर्यंत परताव्यात. मग साडेपाच लिटर पाणी, कांद्याची टोके आणि सेलरीचे शेंडे घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवावे. कोंबडी बाहेर काढून मांस सोडवावे, ते झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि हाडे परत पातेल्यात टाकून आणखी तासभर उकळू द्यावे. गाळल्यावर सुमारे साडेचार लिटर स्टॉक हाती यायला हवा. त्यातला तीन लिटर गंबोला आणि उरलेला जंबालायाला लागेल. स्टॉकमध्ये मीठ घालू नये, कारण सॉसेज आधीच खारट असते आणि पुढे रस्सा आटतोही.

पीठ भाजायला घेण्याआधी तिन्ही भाज्या मटाराच्या दाण्याएवढ्या चिरलेल्या असल्या पाहिजेत. कांदा एका भांड्यात, सेलरी आणि मिरची दुसऱ्या भांड्यात, लसूण तिसऱ्या वाटीत, अशी मांडणी शेगडीच्या उजव्या हाताला करून ठेवावी. एकदा पीठ तेलात पडले की चिरायला वेळ मिळत नाही.

## टप्पा ४: रू भाजणे

तेलात भाजलेल्या पिठाला ‘रू’ म्हणतात, आणि गंबो फसतो तो दहांपैकी आठ वेळा येथेच. कारण समजून घेण्यासारखे आहे. बेसनाच्या लाडवासाठी पीठ भाजताना खमंग वास सुटला आणि रंग बदामी झाला की आपण गॅस बंद करतो. मराठी हाताला तीच सवय असते, आणि रू नेमकी तिथेच उतरवली जाते. गंबोची रू त्या टप्प्यावर जेमतेम अर्ध्या वाटेवर असते.

जाड बुडाचे रुंद पातेले किंवा बिडाचे भांडे घ्यावे. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचे तेल चालते. लोणी घेऊ नये, कारण त्यातला दुधाचा अंश गडद रंग येण्याआधीच करपतो. तेल मध्यम आचेवर तापले की मैदा घालून गुठळ्या मोडाव्यात, आच मध्यम-मंद करावी आणि सपाट टोकाच्या लाकडी उलथन्याने बूड आणि कडा सतत खरवडत राहावे.

पुढे दिलेली मिनिटे अंदाजाची आहेत. रंग आणि वासावर विसंबावे.

१. पहिली पाच-सात मिनिटे: मिश्रण घट्ट, पांढरट, फेसाळ. कच्च्या पिठाचा वास.
२. पंधरा मिनिटांच्या आसपास: ओल्या वाळूचा रंग, लाह्यांसारखा वास. लाडवाचे भाजणे येथे संपते.
३. पंचवीस मिनिटे: शेंगदाण्याच्या लोण्यासारखा रंग. आता धूर नसतानाही वास तीव्र होतो आणि भीती वाटते. थांबू नये.
४. पस्तीस मिनिटे: जुन्या तांब्याच्या नाण्याचा रंग. मिश्रण सैल आणि चकचकीत होते, उलथने ओढले की मागची वाट लगेच भरून येते.
५. चाळीस ते पन्नास मिनिटे: दुधाच्या चॉकलेटपासून गडद चॉकलेटपर्यंतचा रंग, आणि वास भाजलेल्या दाण्यांकडून कॉफीकडे झुकतो. कोंबडी आणि आंदुईच्या गंबोला हाच रंग हवा.

रू जितकी गडद तितकी ती रस्सा कमी दाट करते, कारण भाजताना पिठातल्या स्टार्चची बांधण्याची ताकद घटते. म्हणून कॅजन, म्हणजे लुइझियानाच्या ग्रामीण फ्रेंच वंशाच्या लोकांचा, गंबो मुळातच पातळ असतो. तो पातळ दिसला म्हणून वरून कॉर्नफ्लोअर लावणे ही हातची चव घालवणे आहे.

तपासणी: पांढऱ्या बशीवर एक थेंब टाकून पाहावा. रंग एकसारखा दिसला तर ठीक. त्यात काळे ठिपके दिसले तर पीठ करपले आहे आणि सगळी रू टाकून द्यावी. गाळून, तेल वाढवून किंवा साखर घालून ती कडू चव जात नाही. माझी अठ्ठावीस मिनिटे भाजलेली रू एकदा दार वाजले म्हणून अर्धा मिनिट सुटली होती. परतल्यावर कडेला मोहरीएवढे काळे कण फिरताना दिसले आणि सारे पहिल्यापासून करावे लागले. आता रू शेगडीवर असेपर्यंत दार दुसरे कुणीतरी उघडते.

सावधान: तापलेली रू कढत तेलासारखी उडते आणि पिठामुळे कातडीला चिकटून राहते. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे.

पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी ओव्हनची वाट अधिक सुरक्षित आहे. तेल आणि मैदा बिडाच्या भांड्यात कालवून, न झाकता, १७५ अंश सेल्सिअसवर ठेवावे आणि दर वीस मिनिटांनी ढवळावे. दीड ते दोन तासांत गडद रंग येतो. लुइझियानातल्या दुकानांत बरणीतली तयार रूही मिळते आणि तिथल्या घरांत ती बिनदिक्कत वापरली जाते. बदामी रंगावर उतरवलेल्या घरच्या रूपेक्षा ती केव्हाही चांगली.

## टप्पा ५: भाज्या आणि स्टॉक

हवा तो रंग येण्याच्या किंचित आधी कांदा घालावा. गॅस बंद केला तरी तापलेले बूड रू भाजतच राहते. तिला थांबवते ते कांद्यातले पाणी. कांदा पडताच मोठा चर्र आवाज होतो, वाफ उसळते आणि रंग आणखी एक छटा गडद होतो. चार-पाच मिनिटांनी सेलरी आणि मिरची, त्या मऊ पडल्यावर लसूण. लसूण आधी घातला तर तो करपतो आणि रूइतकीच कडू चव देतो.

आता कोमट स्टॉक एकेक पळी घालून फेटत जावे. पहिल्या तीन-चार पळ्यांत मिश्रण लापशीसारखे होईल, मग हळूहळू मोकळे होईल. स्टॉक एकदम ओतला तर पिठाच्या गाठी होतात आणि तेल वेगळे होऊन वर तरंगते. तसे झालेच तर आच वाढवून चांगली उकळी आणावी आणि जोराने फेटावे. बहुतेक वेळा ते परत एकजीव होते.

## टप्पा ६: शिजवणे आणि मुरवणे

आंदुईच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या वेगळ्या कढईत कडा तांबूस होईपर्यंत परतून घालाव्यात. बे लीफ, थाइम, मिरी आणि केयेन घालावे. उकळी आली की आच कमी करून, झाकण तिरपे ठेवून, दीड तास बारीक खदखदू द्यावे. सोडवलेली कोंबडी शेवटच्या पंधरा मिनिटांत घालावी, नाहीतर तिचे धागे होतात. मीठ आता, चव पाहून.

तपासणी: जिभेवर पिठाचा खरखरीतपणा जाणवला तर गंबो अजून शिजलेला नाही. आणखी अर्धा तास द्यावा.

वर येणारा तेलाचा तवंग कोल्हापुरी रश्श्याच्या तर्रीसारखा राखून ठेवण्याची आपल्याला सवय आहे. येथे तो पळीने काढून टाकायचा.

सावधान: इतके मोठे पातेले झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नये. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि मांसाचा पदार्थ त्यात बिघडतो. गंबो तीन-चार पसरट भांड्यांत विभागून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला खळखळून उकळी यायला हवी.

## टप्पा ७: फिले की भेंडी?

फिले म्हणजे सॅसाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड. तिने रस्सा दाट होतो आणि मातकट, पानासारखा मंद सुवास येतो. ती उकळली की रश्श्याला लांब, चिकट तारा सुटतात. म्हणून ती पातेल्यात घालूच नये. बाटली टेबलावर ठेवावी आणि ज्याने त्याने आपल्या वाडग्यात चिमूटभर घालावी. उरलेला गंबो मग पुन्हा तापवतानाही धोका राहत नाही.

भेंडीबाबत आपला कल उलटा असतो. आमसूल किंवा ताक घालून तिची तार मारण्याची आपली रीत आहे, पण गंबोला तिचाच बुळबुळीतपणा दाटपणासाठी हवा असतो. भेंडी बारीक कापून थोड्या तेलात वीस-पंचवीस मिनिटे परतावी, लांब तारा सुटेनाशा झाल्या की रश्श्यात घालावी. हे काम लोखंडी किंवा बिडाच्या कढईत करू नये, भेंडी काळी पडते. भेंडी कोलंबी-खेकड्याच्या गंबोत अधिक शोभते. त्यात कोलंबी अगदी शेवटच्या पाच मिनिटांत पडते. एका पातेल्याला एकच दाट करणारा पदार्थ पुरे: भेंडी घातली असेल तर फिले टाळावी.

पंगतीत शाकाहारी मंडळी असतील तर नुसते मांस वगळून हाच गंबो करू नये, तो पोकळ लागतो. त्याऐवजी पालेभाज्यांचा ‘गंबो झेर्ब’ करावा. खरे तर तो कार्निव्हलनंतरच्या उपवासकाळातला, पवित्र आठवड्यातला पदार्थ. मोहरीचा पाला, पालक, मुळ्याचा पाला, सलगमचा पाला, कोबी अशा विषम संख्येच्या भाज्या त्यात घालण्याची रीत आहे. सगळा पाला एकत्र उकडून, बारीक करून, वेगळ्या रूमध्ये ट्रिनिटीसह शिजवावा आणि कोंबडीच्या स्टॉकऐवजी पाला उकडलेलेच पाणी घ्यावे.

## टप्पा ८: जंबालाया

न्यू ऑर्लीन्स शहराच्या क्रिओल, म्हणजे तिथल्या शहरी धाटणीच्या, जंबालायात टोमॅटो असतो आणि तो लाल दिसतो. गावाकडच्या कॅजन जंबालायात टोमॅटो नसतो. त्याचा तपकिरी रंग भांड्याच्या बुडाला चिकटलेल्या मांसाच्या थरातून येतो. येथे दुसरा घेतला आहे, कारण चुका त्यात जास्त होतात.

१. जाड बुडाच्या मोठ्या भांड्यात थोड्या तेलात डुकराच्या खांद्याचे ७०० ग्रॅम मांस, तीन सेंटिमीटरचे तुकडे करून, न हलवता भाजावे. एका बाजूला गडद रंग आल्यावरच उलटावे. तुकडे दाटीने टाकले तर पाणी सुटते आणि मांस उकडते, म्हणून दोन-तीन खेपा कराव्यात.
२. मांस काढून ३५० ग्रॅम आंदुई परतावे. बुडाशी तपकिरी थर जमेल. तो काळा होऊ देऊ नये.
३. तीन कांदे, एक ढोबळी मिरची, सेलरीचे दोन दांडे घालावेत आणि त्यांना सुटणाऱ्या पाण्याने बूड पूर्ण खरवडून घ्यावे. हा थर सुटला नाही तर रंग येत नाही, आणि पुढे भात नेमका तिथेच लागतो.
४. मांस परत घालून साडेपाच कप स्टॉक, थाइम आणि केयेन घालावे. मांस मऊ होईपर्यंत झाकून, साधारण पाऊण तास शिजवावे. मग रस मोजून, कमी पडल्यास स्टॉक घालून, पुन्हा साडेपाच कप करावा.
५. रस चाखावा. या क्षणी तो किंचित खारट लागला पाहिजे, कारण तांदूळ मीठ ओढून घेतो आणि नंतर ते सारखे मिसळता येत नाही.
६. उकळत्या रसात लांब दाण्याचा अर्धउकडा तांदूळ ३ कप घालावा, एकदाच ढवळावा, पुन्हा उकळी आली की आच अगदी मंद करून घट्ट झाकण लावावे.

पंचवीस मिनिटे झाकण उघडू नये. मसालेभात करताना आपण मधेच झाकण काढून पाण्याचा शिपका देतो आणि झाऱ्याने हलवतो; जंबालाया त्यानेच बिघडतो, कारण वाफ गेली की वरचा दाणा कच्चा राहतो आणि हलवल्याने खालचा मोडतो. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे थांबून कडेकडेने खालचा भात वर आणावा.

बासमती सेला दाण्याने टिकतो, पण त्याचा सुगंध येथे परका वाटतो. साधा उकडा लांब दाणा बरा. आंबेमोहर किंवा इंद्रायणी अजिबात नको.

## टप्पा ९: किंग केक

नाव केक असले तरी हा लोणी-अंड्याच्या कणकेचा गोड पाव आहे. बेकिंग पावडरवर केला तर तो दुसराच पदार्थ होतो.

५०० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १ छोटा चमचा मीठ, जायफळ, लिंबाच्या सालीचा कीस, २०० मिलिलिटर कोमट दूध आणि २ अंडी एकत्र मळावीत. कणीक गुळगुळीत झाल्यावरच ११० ग्रॅम मऊ लोणी थोडे थोडे मळत घालावे. लोणी आधी घातले तर पिठाला ताण येत नाही आणि केक भुसभुशीत होतो. कणीक चिकट राहील. सुका मैदा लावत सुटू नये. तासभर बाहेर ठेवून मग रात्रभर फ्रीजमध्ये.

सकाळी ५० बाय २५ सेंटिमीटरचा आयत लाटावा. ६० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम तपकिरी साखर आणि दीड मोठा चमचा दालचिनीपूड कालवून पसरावी. लांब बाजूने गुंडाळी करून, जोड खाली ठेवून कडे करावे आणि टोके ओल्या बोटांनी घट्ट चिमटून बंद करावीत. मधे बाहेरून तूप लावलेली, ओव्हनमध्ये चालणारी वाटी ठेवावी, नाहीतर फुगताना भोक बुजते. दुप्पट फुगल्यावर १७५ अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजावे.

केक पूर्ण गार झाल्यावरच २५० ग्रॅम पिठीसाखर आणि ३ मोठे चमचे दूध यांचे आइसिंग ओतावे. कोमट केकवरून ते ओघळून जाते. रंगीत साखरेचे जांभळे, हिरवे आणि सोनेरी पट्टे आइसिंग ओले असतानाच द्यावेत.

सावधान: आत लपवायची छोटी प्लास्टिकची बाहुली भाजण्यापूर्वी ठेवू नये. ती गार केकच्या तळाशी चीर देऊन सरकवावी आणि खाणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगावे. लहान मुले असतील तर बाहुली सरळ ताटात बाजूला ठेवावी. अनेक बेकऱ्याही हल्ली ती वेगळीच देतात. जिच्या किंवा ज्याच्या वाट्याला बाहुली येते, पुढचा केक त्याने आणायचा असतो. ६ जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत केक असेच घरोघर फिरतात.

## टप्पा १०: वाढणी

गंबो खोलगट वाडग्यात आधी वाढावा आणि भाताची मूद मधोमध नंतर ठेवावी. भात पातेल्यात मिसळून ठेवला तर तासाभरात तो सगळा रस्सा पिऊन टाकतो. कॅजन भागात भाताऐवजी किंवा भाताबरोबर बटाट्याच्या सॅलडचा गोळा थेट गंबोत घालतात. थंड, मोहरी लावलेला बटाटा आणि कढत, धुरकट रस्सा यांची जोडी एकदा तरी खाऊन पाहावी. वरून कांद्याची पात आणि पार्सली घालावी. तिखट सॉस आणि फिलेची बाटली टेबलावर शेजारी-शेजारी असावी, आणि फिले कशी घ्यायची ते पहिल्या वाडग्याआधीच पाहुण्यांना सांगावे: गंबो वाढून झाल्यावर, पाव चमच्याहून कमी, आणि लगेच ढवळून.